हिंमतरावांची लाल पट्टी

सरोजिनीबाईंना वाचताना ओळीखाली बोट धरायची सवय. शाळेत त्यापायी बोलणी खाल्ली, तरी ती गेली नाही. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा बोटाची जागा माउसच्या बाणाने घेतली, एवढंच.

त्या नोकरी करत ती कंपनी कोथरूडमध्ये एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची, आणि ते बाहेर जाण्याआधी तपासायचं काम बाई चौदा वर्षं करत होत्या. त्यासाठी त्यांनी हिंमतराव नावाचा एक खोटा पेशंट तयार केला होता. या बिचाऱ्याला आजवर झाला नाही असा आजार नव्हता. त्याला पेनिसिलिन चालत नसे. ते लिहून द्यायला गेलं की पडद्यावर त्याच्या नावाखाली इशाऱ्याची लाल पट्टी उमटायची. बाई बाण फिरवत पट्टी वाचायच्या, 'रद्द करा' दाबायच्या आणि वहीत बरोबरची खूण करायच्या. अशा तीनशे बारा चाचण्या होत्या.

दीड महिन्यापूर्वी त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या मॅनेजरने, पुष्करने, नवं खूळ काढलं. "ताई, तुम्ही फक्त नेहमीसारखं काम करा. हे टूल तुमचे क्लिक रेकॉर्ड करेल. मग रोज सकाळी तेच सगळं आपोआप!"

"आणि मी काय करायचं?"

"बघू ना," पुष्कर म्हणाला.

त्या 'बघू ना'ने बाईंची झोप उडवली. असे तपासणारे टेस्टर पाच होते, ते एकेक करून कमी झाले. शेवटचा रामदास गेल्या शुक्रवारी खुर्चीवरची उशी काखेत मारून गेला आणि बाई एकट्या उरल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपल्याला दुसरीकडे कोण उभं करणार, हे त्या येताजाता बसमध्ये स्वतःला विचारायच्या. उत्तर माहीत असल्यामुळे लगेच खिडकीबाहेर बघायला लागायच्या. तरी रेकॉर्डिंग मात्र त्यांनी मन लावून केलं. अर्धवट काम त्यांना जमतच नसे. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर तोही नीट.

आज चार वाजता नवं सॉफ्टवेअर एका मोठ्या हॉस्पिटलला द्यायचं होतं. सकाळी साडेदहाला पुष्करने सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं आणि टूल सुरू केलं.

माउसला कुणाचा हात नव्हता, तरी बाण हलला. त्याने हिंमतरावांचं नाव निवडलं, पेनिसिलिन लिहून दिलं आणि तो नावाखाली येऊन सावकाश उजवीकडे सरकू लागला. मध्येच थांबला, जरा मागे आला, पुन्हा पुढे गेला. 'पेनिसिलिन' या शब्दावर बाई नेहमीच अशा मागे यायच्या.

"अरे, हा तर वाचतोय! डिट्टो ताई!" पुष्कर ओरडला. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि पुढच्याच क्षणाला पुढे वाकून पडद्याकडे बघू लागल्या.

बाण जिथून सरकला, तिथे काहीच नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये लाल पट्टी उमटलीच नव्हती. बाणाने कोरी जागा मन लावून वाचली, 'रद्द करा' दाबलं आणि शेजारी हिरवी खूण उमटली. चाचणी पास. मागोमाग उरलेल्या तीनशे अकराही पास.

टाळ्या वाजल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. टूलने त्यांचे क्लिक घेतले, बाणाची फिरवाफिरव घेतली. पण पट्टी आली का हे बाई डोळ्यांनी बघायच्या, आणि बघण्याचा क्लिक नसतो. म्हणजे ही सगळी हिरवळ खोटी होती, आणि ती त्यांच्याच हातची होती.

जेवणाचा डबा त्यांनी उघडून पुन्हा बंद केला. दोनदा पुष्करच्या टेबलापर्यंत गेल्या आणि पाणी पिऊन परत आल्या. सांगितलं तर दीड महिना पाण्यात गेल्याचं खापर आपल्यावरच फुटणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, टूलला जमलं नव्हतं ते हे बघणं एवढंच. ते सांगितलं की तेही शिकवावं लागणार. मग आपल्याकडे उरलं काय? गप्प बसलं तर निदान काही महिने निघतील. हिंमतरावांना काही होणार नव्हतं, ते खोटेच होते. पण उद्या त्या जागी खरं माणूस असणार होतं आणि डॉक्टर पट्टीच्या भरवशावर असणार होता. बाईंना भीती वाटत होती, दोन्हीकडून.

तीन वीसला त्या उठल्या. "पुष्कर, हे पाठवू नकोस," त्या म्हणाल्या आणि त्याला ती कोरी जागा दाखवली.

पुष्करचा चेहरा उतरला. "मग दीड महिना तुम्ही रेकॉर्ड काय केलंत?"

"हात. डोळे कुणी मागितले नव्हते."

पुष्करने फोन उचलला. हॉस्पिटलला फोन करून त्याने आठ दिवस मागून घेतले आणि खुर्ची ओढून बाईंशेजारी बसला. "टूलमध्ये सोय आहे, ताई. प्रत्येक ठिकाणी काय दिसलंच पाहिजे, ते लिहून ठेवता येतं. तुम्ही काय बघता ते सांगत जा, मी लिहितो."

आठ दिवसांनी माझं काय, हे बाई या वेळी विचारणार होत्या. विचारलं नाही. त्यांनी रेकॉर्डिंग ज्यावर केलं होतं ते जुनं सॉफ्टवेअर उघडलं आणि हिंमतरावांना पेनिसिलिन लिहून दिलं. पट्टी उमटली. "नावाखाली लाल पट्टी," त्या म्हणाल्या. पुष्करने ते लिहिलं. बाण पट्टीखालून सरकला, थांबला, मागे आला.

"इथे मागे का येता?"

"औषधाचं नाव तेच आहे ना, ते बघायला. कधीकधी पट्टी येते, पण भलत्याच औषधाची."

पुष्करची बोटं कीबोर्डवर थांबली. "हेही लिहू?"

बाईंनी बाण पुन्हा 'पेनिसिलिन'वर आणला. "हेही लिही," त्या म्हणाल्या.