बांधावरचा चोविसावा दगड

आमच्या नव्या विहिरीची पहिली पहार पडायच्या आधीच जयराम बांधावर येऊन उभा राहिला. हा माझा चुलत दीर. हातात सरकारी कागद, अन् तोंडावर हसू असं, की जनू बारशाचं बोलावनंच घेऊन आलाय.

"सावळीदादा, पोकलेन परत पाठवा," तो माझ्या मालकांना म्हनला. "इथं आता खोदायचं नाय. तुमच्या खळ्यातले धोंडे सरकारनं संरक्षित केले."

"अन् सरकारला बातमी दिली कोनी?" मी इचारलं.

"अर्ज मीच दिला की, वहिनी. देशाचा ठेवा हाय तो."

ज्याला चुलतभावाचा बांध जागच्या जागी ठेवता आला नाय, तो निघाला देशाचा ठेवा सांभाळायला.

आमच्या पडीक पट्टीत काळ्या धोंड्यांचं रिंगन हाय. सासरे तिथंच बाजरीचं खळं करायचे, मीबी केलं. पानी आमच्याकडं पौषातच आटतं, अन् उन्हाळ कांद्याला तर पुढं दोन महिने पानी पाहिजे. म्हनून विहीर. जयरामाला भ्या एकच, आमची विहीर झाली की त्याच्या विहिरीचा झरा इकडं वळंल. सोताची विहीर खोल करायला मात्र त्यानं दगडमाती वर ओढायची यारी आनून उभी केली व्हती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं.

आमचे हे गप. यांचा जन्म गप राहन्यातच गेला. बारा वर्षांमागं आम्ही सायखेड्याला लग्नाला गेलो, तेवढ्यात जयरामानं रिंगनातला एक धोंडा ट्रॅक्टरनं ओढला अन् हद्दीचा म्हनून रोवला, तोबी आमच्यात पाच हात आत. आमच्या गावाची रीत अशी, की हद्दीच्या दगडावर हात ठेवून बोललेलं पंच खरं धरत्यात. जयरामानं हात ठेवला. म्हनला, "आज्याच्या आधीपासून इथंच हाय." मी कोकलून सांगितलं, की खोटं हाय. पन बाईनं दगडावर हात ठेवायची रीत नाय, म्हनून पंचांनी मला घरी धाडलं.

पुढच्या आठवड्यात पुरातत्त्वाच्या मॅडम आल्या मोजायला. निकिता नाव. पोरगी उन्हात गुडघ्यावर बसून ब्रशनं धोंडे झाडत व्हती. मी पान्याचा तांब्या घेऊन गेले, खरं तर भांडायलाच.

"मावशी, हे साधं खळं नाही," ती म्हनली. "अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपला माणूस पुरून भोवती हे दगड लावलेत. खाली त्याची मडकी असतील, लोखंडाची अवजारं असतील. विदर्भात अशी वर्तुळं खूप आहेत, पण या बाजूला मी पहिल्यांदाच बघतेय. एकदा नांगर फिरला की ती माणसं कोण होती, हे परत कुणाला कळणार नाही."

"मेलेल्याला एवढी जागा, अन् जित्याला विहिरीपुरतीबी नाय?"

तिनं मान खाली घातली. "नियम आहे, मावशी. मूळ जागेवरच्या प्रत्येक दगडापासून शंभर मीटर. नवं खोदायचं नाही, जुनं खोल करायचं नाही. तेवीस दगड मोजलेत मी. चोविसावा मातीत गेला असावा."

जुनं खोल करायचं नाय. मी तांब्या खाली ठेवला.

"मॅडम, असलाच एक बांधावर हाय," मी म्हनले.

यांनाबी संगं घेऊन आम्ही बांधावर पोचलो तर जयराम पळत आला. दाबलेली पाच हातांची पट्टी जाती का काय, म्हनून धाप लागलेली.

"हा दगड वर्तुळातून आणलाय, की पहिल्यापासून इथंच आहे?" मॅडमनं इचारलं. "वर्तुळाबाहेर एकटा उभा दगड असेल तर महत्त्व आणखी वाढतं."

जयरामानं सवयीनं हात ठेवला. "आज्याच्या आधीपासून इथंच हाय."

"यांच्याशी तुमचं भांडण आहे, असं गावात कळलं. तुम्ही सांगा," मॅडम आम्हाला म्हनल्या.

"मॅडम, हा धोंडा..." आमचे हे बोलायला लागले. बारा वर्षांनी यांना आजच वाचा फुटली. मी यांचं मनगट दाबलं, पुढं झाले अन् दगडावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला व्हता.

"इथलाच हाय," मी म्हनले.

जयराम हसला. त्याला वाटलं, वहिनी हरली.

"भांडणारे दोघंही एकच सांगतायत म्हटल्यावर प्रश्नच मिटला," मॅडम म्हनल्या अन् दगडापासून टेप धरला. रिंगनापासून लांब पडनारी जयरामाची विहीर इथून बेचाळीस मीटरवर भरली. "काका, ती यारी काढून घ्या."

"नाय नाय, मॅडम! हा धोंडा मीच ओढून आनला."

"आत्ता हात ठेवून काय बोललात? आणि ओढून आणला असेल तर तसा जबाब लिहून द्या. पुढची कारवाई ऑफिस करेल."

जयरामाच्या तोंडचं पानी पळालं. "वहिनी, खरं काय ते सांगा की."

"सांगितलं की, भावजी. हात ठेवून."

आमची पाच हातांची पट्टी गेली ती गेलीच, विहीरबी गेली. यंदा माघात पान्यावाचून दोन्ही घरचे कांदे माना टाकून पडले. आमचे हे महिनाभर माझ्याशी बोलले नाय, म्हनजे फार काही येगळं घडलं नाय. मॅडमची तेवढी लाज वाटती. पोरगी भल्या मनाची व्हती, अन् मी तिला फशिवलं.

परवा दगडापाशी सरकारी पाटी लागली. जवळनं जाताना नातीकडून वाचून घेतली. 'हा दगड प्राचीन काळापासून याच जागी उभा आहे.' बारा वर्षं मी खरं बोलले, तर गावानं घरी धाडलं. एकदा खोटं बोलले, ते सरकारनं लोखंडावर रंगवलं.