दरीत उतरलेली बाई

मागे दगड घरंगळला. वसुधा थांबली, तसा तो आवाजही थांबला.

वळून बघायची हिंमत होईना. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, मधे कोरडा नाला, करपलेलं गवत. फाल्गुनात इथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मोबाइलला नेटवर्क नाही. ती चालायला लागली. मागची पावलंही चालायला लागली.

तो चहाच्या टपरीवरचा हरीच असणार. वर, जिथून पायवाट दरीत उतरते, तिथे त्यानं विचारलं होतं, "बेनजी, साथ में कोई नी है?" आणि ही मूर्ख खरं बोलून बसली.

सकाळी छत्रीबागेतल्या घरातून निघताना भाऊही तेच म्हणाला. "पागल झालीस का ताई? एकटी जाऊन करशील काय? संडेला सगळे चलू ना, डाळ-बाफले बनवून खाऊ."

"मग मी वर बसते आणि तुम्ही खाली धबधब्यावर जाता, समीर."

"अरे, तर सामान कोणाला तरी बघावंच लागतं ना. बंदर येतात."

बावन्न वर्षांची वसुधा विजय नगरात दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडते. लग्न नाही, पोरं नाहीत, म्हणून दर पिकनिकला सामानापाशी तीच. आधी भाऊ, मग भावाची पोरं, सगळी ओली होऊन वर यायची आणि हिच्याकडे टॉवेल मागायची. धबधबा तिनं त्यांच्या फोटोत पाहिला. आज तू जा, मी बसतो, असं एकाही हरामखोराच्या तोंडून कधी निघालं नाही.

पावलं जवळ आली. वळण संपलं, समोर डोहाचं पाणी होतं आणि पुढे वाट नव्हती. तिनं दगड उचलला आणि वळली.

"वहीं रुक. मारूँगी."

हरीच होता. घामानं निथळत, दोन्ही हात वर करून. "मार लो बेनजी, पर उधर मत जाओ."

"पीछा क्यों कर रहा है?"

"पिछले साल एक आई थी. ऐसे ही, अकेली. मैंने चाय पिलाई, कुछ पूछा नी." त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. "दूसरे दिन मैंने ही बाहर निकाली."

तिला समजायला वेळ लागला. दगड हातातच राहिला. म्हणजे एकटी बाई पाण्याकडे जाते ती मरायलाच. नुसतं पाणी बघायला कोण एवढं लांब येतं?

"मैं नहाऊँगी और घर जाऊँगी."

"तो घर पे भाईसाब से बात करा दो. मैं चला जाऊँगा."

"नेटवर्क नहीं है. होता तो भी नहीं कराती."

"तो मैं बी नी जाता."

हा खरं बोलतोय की बनाव करतोय, तिला कळेना. त्यालाही तिचं काही खरं वाटत नव्हतं. दोघं तशीच उभी राहिली, एकमेकांना भिऊन. कातळावरून धबधब्याची मनगटाएवढी बारीक धार काठाला लागूनच पडत होती.

तिनं दगड टाकला. गळ्यातली ओढणी काढून एक टोक त्याच्याकडे फेकलं.

"पकड़. और मुँह उधर."

त्यानं टोक मनगटाला गुंडाळलं आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. दुसरं टोक मुठीत धरून ती पाण्यात उतरली. डोक्यावर धार पडली तशी ती किंचाळली.

लगेच ओढणीला हिसका बसला. "बेनजी?"

तिनं उत्तर दिलं नाही. का म्हणून द्यायचं?

पुन्हा हिसका, जोराचा. तो वळला नव्हता, पण त्याची मान लटलट कापत होती. तिनं मुठीतलं टोक एकदा ओढलं.

मग डोळे मिटून ती धारेखाली उभी राहिली. थोड्या वेळानं ओढणी पुन्हा ताणली गेली, या वेळी हलकेच. तिनंही ओढली.