अर्धा बिछाना

न्यायमूर्ती एल्काना व्हीलॉक देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसत, म्हणजे खरं तर घोड्यावर बसत. गावोगाव हिंडून न्याय करायचा आणि रात्री सरायीत जो भेटेल त्याच्या शेजारी अर्ध्या बिछान्यावर पाठ टेकायची. त्यांची छाती पार पोखरली, तेव्हा कुठे निवडणूक हरलेल्या फेडरलिस्ट पक्षानं सत्ता सोडता सोडता कायदा केला: फिरतीला वेगळे न्यायाधीश. नेमले सगळे आपल्याच पक्षाचे, हेही खरं. न्यायमूर्तींच्या बायकोला, लॉइसला, त्याचं काय? नवरा वर्षभर घरी झोपला, तिला तेवढं पुरे होतं.

त्यांना हरवलेला रिपब्लिकन पक्ष सत्तेवर बसला तो हा कायदा मोडायचाच म्हणून. त्यांच्यातलाच एक खासदार म्हणजे लॉइसचा धाकटा भाऊ जोथम. राजधानीला जाताना तो बहिणीकडे उतरला.

"तुझं एक मत माझ्यासाठी राख रे," ती म्हणाली.

"ताई, हरलेल्यांनी बांधलेला किल्ला आहे तो. लोकांनी पाडायला पाठवलंय मला."

"त्या किल्ल्यात माझा नवरा झोपतो."

जोथमनं हातातला पेला खाली ठेवला. "दाजींनी राजीनामा द्यावा मग."

"राजीनामा?" न्यायमूर्ती गरजले आणि बराच वेळ खोकले. "म्हणजे तुमचा कुणीतरी होयबा बसवायला मोकळे! मरेन, पण खुर्ची देणार नाही."

दोघांच्याही हट्टापुढे लॉइसचं काही चालेना.

कायदा गेला. पानगळीत न्यायमूर्ती पुन्हा घोड्यावर चढले. तिनं लगाम धरला.

"अहो, नका ना जाऊ."

"मी नाही गेलो तर कोर्ट भरणार नाही. कोठडीतली माणसं पुढच्या फेरीपर्यंत सडतील."

हेही खरंच होतं. तिनं लगाम सोडला.

ते परतले ते एका गुरं हाकणाऱ्याच्या गाडीतून, शवपेटीत. गाडीवाल्याच्या टोपीवर रिपब्लिकनांची खूण, फितीचं तिरंगी फूल होतं.

"सरायीत एकाच बिछान्यावर होतो आम्ही," तो टोपी काढून म्हणाला. "फूल बघून तासभर शिव्या घातल्या मला. मग खोकला सुरू झाला. मी माझी घोंगडी त्यांना दिली आणि खिडकीकडनं झोपलो, वारा लागू नये म्हणून. नाही वाचले, बाई."

लॉइस तेव्हा पहिल्यांदा रडली.

दफनानंतर जोथम आला. "ताई, मी मत दिलं ते कायद्याविरुद्ध, दाजींच्या विरुद्ध नव्हतं गं."

"ठाऊक आहे. त्यांच्या जागी कोण?"

तो घुटमळला. "आमच्यातलाच एक. ठरल्यातच जमा आहे."

जिंकलेल्या खुर्चीचं ओझं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लॉइस उठली. नवऱ्याची लोकरी शाल तिनं आणली, घडी घातली आणि भावाच्या मांडीवर ठेवली.

"त्याला दे," ती म्हणाली. "त्यालाही आता अर्ध्याच बिछान्यावर झोपायचंय."