विंगेतली खुर्ची

मंडळीतले सगळे तिला वहिनीच म्हणत. नाटक बसवणारा तिचा नवरा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. खरीखुरी वहिनी मात्र ती एकीचीच, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची. ही नणंद रंगमंचावर उभी राहायची आणि वहिनी विंगेत, मिणमिणत्या दिव्याखाली, संहिता मांडीवर घेऊन बसायची.

एके काळी हे उलटं होतं. नायिका वहिनी होती. मग तिचा घसा बसला तो बसलाच. औषधं झाली, गुळण्या झाल्या, पण आवाज काही पुढच्या रांगांपलीकडे जाईना. नवऱ्याने बहिणीला उभं केलं. ती म्हणाली, "वहिनी विंगेत बसणार असतील तरच करीन." नवखी पोर, भीतीपोटी म्हणाली असेल. वहिनीच्या मात्र ते जिव्हारी लागलं. भूमिका नेलीस ती नेलीस, वर मलाच तुझ्या तैनातीला बसवतेस? तोंडाने ती एवढंच म्हणाली, "बसेन की. मला दुसरं काय काम आहे?"

दोघींचं एक ठरलेलं होतं. नटी मुद्दाम थांबली की विसरली, हे विंगेतून कळत नाही. म्हणून नणंदेने कानातल्याला हात लावला तरच पुढचे शब्द सांगायचे, नाहीतर गप्प बसायचं. प्रेक्षकांना वाटे, बाईंची ती लकबच आहे.

पुढे त्यांनी एक छोटं रहस्यनाट्य बसवलं. एका बाईच्या भावाला खोटी साक्ष देऊन तुरुंगात धाडणारा माणूस बऱ्याच वर्षांनी तिच्या घरी येतो. ती त्याला पेलाभर पाणी देते. तो पितो. मग ती शांतपणे सांगते, पाण्यात विष आहे. त्याला दरदरून घाम फुटतो, तो सगळं कबूल करतो आणि भीतीनेच कोसळून मरतो. सूड उगवायला निघालेल्या बाईचे डोळे तिथे उघडतात. ती त्याच्याजवळ बसते आणि म्हणते, "नुसतं पाणी होतं हो. तुम्हाला घाबरवायचं होतं, एवढंच." यावर पडदा. सगळं नाटक त्या वाक्यावर उभं होतं.

पहिल्या प्रयोगाआधी रंगपटात खलनायक चेहऱ्याला रंग लावत होता. आवाजामुळे त्याला तोफ म्हणत. "वहिनी, तुमचं बरं आहे," तो आरशातूनच म्हणाला. "रंग नको, पाठांतर नको. बसल्या जागी नाटक."

सगळे हसले. नणंदही हसली. तिचं हसणं तेवढं वहिनीच्या कानात राहिलं.

प्रयोग रंगला. तोफ कोसळला तेव्हा प्रेक्षागृहात कुणी श्वासही घेत नव्हतं. नणंद त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि थांबली. वहिनीने बोट वाक्यावर ठेवलं होतं.

नणंदेचा हात कानातल्याकडे गेला.

वहिनीने ओठ मिटून घेतले. कळू दे जरा, बसल्या जागी काय असतं ते.

हात पुन्हा कानाकडे गेला. पडदेवाला दोरी धरून वहिनीकडे बघत होता. मेलेल्या तोफेच्या पापण्या फडफडल्या. मागून कुणीतरी खोकलं, मग कुणीतरी फिसकन हसलं. नणंदेने मान वळवून थेट विंगेत पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर वहिनीला बरं वाटलं असतं. त्यात नुसती वाट पाहणं होतं, दार उघडायची पाहावी तसं. वहिनीने तोंड उघडलं, पण हसू तोवर सगळीकडे पसरलं होतं आणि त्यात तिचा बसका आवाज कुठल्या कुठे विरून गेला. पडदेवाल्याने घाबरून दोरी सोडली.

नवरा रंगपटात तणतणत आला. "अगं, डोळा लागला होता का तुझा?"

"दादा, त्यांना बोलू नकोस," नणंद म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं. मलाच ऐकू आलं नाही. हल्ली मला कमीच ऐकू येतं."

सगळे चपापले. तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण वहिनीने ते गिळले. कमी ऐकू येणारी नटी विंगेतून कशी सावरायची? नवऱ्याने दुसरी मुलगी आणली. नणंद त्यानंतर कधी रंगमंचावर उभी राहिली नाही.

वर्षं गेली. मंडळी मोडली, नवरा गेला. उरल्या दोघी, इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. नणंदेशी सगळे ओरडून बोलत आणि तीही कानामागे हात धरून "काय म्हणालात?" विचारी. वहिनीने मात्र पाहिलं होतं. आतल्या खोलीत असतानाही दूध उतू जायच्या आधी तिला चाहूल लागे.

एका सकाळी वहिनी कप विसळत होती. नणंद तिच्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होती. वहिनी अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी मी वाक्य सांगितलंच नव्हतं."

घडी घालणारे हात थांबले. "ठाऊक आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही दादाला सांगाल असं वाटायचं. आज सांगतील, उद्या सांगतील. मग दादाच गेला." तिने उशीचा अभ्रा झटकला. "त्यानंतर बहिरेपणच सोयीचं वाटलं. लोक कमी बोलतात."

वहिनीचे हात पाण्यातच राहिले.

दार वाजलं. खालचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. "आजी," तो नेहमीप्रमाणे ओरडला, "कपडे आणलेत."

नणंदेचा हात कानामागे गेला. "काय म्हणालात?"

"हळू बोला," वहिनी म्हणाली. ओले हात तसेच घेऊन ती दारापर्यंत आली होती. "त्यांना चांगलं ऐकू येतं."

तो हसला. थट्टाच वाटली त्याला. "असं होय? कधीपासून?"

नणंदेने कानामागचा हात खाली घेतला आणि वहिनीकडे पाहिलं.

"पहिल्यापासून," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजाच्या मानाने ते जरा मोठ्यानेच निघालं, पण ऐकायला होता एक इस्त्रीवाला.