सात नंबरची गाडी

मित्रांनो, मी कचरा उचलणारी एक जुनी गाडी आहे. जुनी हे मी आपले माझ्या मनाने म्हणते. मला बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी तिची कुठलीच गाडी जुनी होत नाही, नुसती बदलली जाते.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि तिथून मी थेट एका नगरपालिकेत कामाला लागले. नगरपालिकेने मला विकत घेतले नव्हते, फक्त माझे काम घेतले होते. मी कंपनीची, माझी दुरुस्ती कंपनीची, आणि मी बिघडले तर माझाच सात नंबर लावून दुसरी गाडी पाठवायची, तेही कंपनीनेच. माझ्या पोटात एक पेटी बसवली होती. जरा कुठे खुट्ट झाले, की ती कंपनीला चहाड्या सांगे.

माझ्या चालकाला सगळा डेपो मामा म्हणे. माझ्या दाराची खोड मामांना पाठ होती. ते जरा उचलून ढकलले तरच लागे. "चल गं बाई, नखरे पुरे झाले," असे म्हणत ते रोज सकाळी दार लावत आणि स्वतःच्या फडक्याने माझी काच पुसत. गल्लीतल्या बायका चिडवत, "मामा, घरच्यांचे तरी इतके लाड करता का हो?" तेव्हा मला फार आनंद होई.

एकदा मामा सुट्टीवर असताना पेटीने माझ्या ब्रेकची तक्रार केली. कंपनीने मला उचलून नेले आणि माझ्या जागी दुसरी सात नंबर उभी केली. कंपनीच्या आवारात मला धुतले, रंगवले, माझ्यावरचा सात खरवडून काढला. माझ्यासारख्याच कितीतरी हिरव्या गाड्या तिथे रांगेत होत्या. मला वाईट वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही. मी उभी राहिले.

काही दिवसांनी मामा आले.

"अहो मामा, दिलीय ना तुम्हाला गाडी? तीही सातच आहे," कंपनीची मेकॅनिक ताई म्हणाली.

"आहे की. पण ती माझी नाही. माझी मला परत द्या."

"चेसिस नंबर सांगा, लगेच शोधते."

सांगाड्यावर कोरलेला तो नंबर मामांनी कधी पाहिलाच नव्हता. "दारावरून ओळखीन मी."

"ओळखलीत तर खुशाल घेऊन जा," ताई हसून म्हणाली.

एकेका गाडीचे दार उघडत आणि लावत मामा माझ्यापर्यंत आले. त्यांचा हात माझ्या दारावर पडला. दार पहिल्याच झटक्यात लागले. ब्रेकबरोबर तेही दुरुस्त झाले होते, अगदी छान. मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने वाजवावा लागतो.

"ही नव्हे," मामा म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

आता मी दुसऱ्या गावात एकवीस नंबर आहे. काम चोख करते. चालक बदलत असतात, मी त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, बिघडली तर जरूर दुरुस्त करा. पण दुरुस्तीला नेण्याआधी ती कुणाची आहे, एवढे मात्र विचारून ठेवा.