चौथी नळी

करंगळीएवढी गोठलेली नळी दोन्ही तळव्यांत धरून ती आपल्याच रक्ताचा नमुना वितळवत उभी होती. बावीस वर्षं ती इथे नमुने तपासत होती.

अल्झायमरमध्ये मेंदूत बिघडणारं टाऊ नावाचं प्रथिन रक्तातही उतरतं. ते मोजणं हे या प्रयोगशाळेचं काम. रसायनांची नवी पेटी आली, की आधी एखाद्या धडधाकट माणसाचा नमुना यंत्राला लावून बघायचा, अशी इथली रीत. धडधाकट म्हणजे काय, तर फुकटात हाताशी सापडणारा कर्मचारी. या खेपेला तिची पाळी होती. सोमवारी तिने चार नळ्या भरून गोठवल्या. मंगळवारी पहिली लावली आणि आकडा आला तो धडधाकट माणसाच्या दुपटीहून जास्त.

विभागप्रमुखांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं, हात चुकला असेल म्हणाले होते. आपली चूक निघावी म्हणून तिने देव पाण्यात ठेवले. पण हात चुकायला लागला असेल, तर तेही काही चांगलं लक्षण नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. तिच्या आईने छप्पन्नाव्या वर्षी तिला, "तुम्ही कोणाकडे आलात?" असं अगदी आदराने विचारलं होतं. ती आता चोपन्नची होती. तिला भीती वाटत होती, सरळ सरळ भीती.

त्यात डब्यात तीन नळ्या हव्या होत्या, तर सापडली एकच. तिचा पारा चढला. मास्तर शेजारच्या टेबलावर कागद तपासत होते.

"मास्तर, माझ्या दोन नळ्या कोणी उचलल्या?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"तूच लावल्यास की. बुधवारी एक, काल एक."

तिने डब्यातल्या रिकाम्या खाचा बोटाने मोजल्या.

"मला वाटलं, खात्री करून घेतेयस."

"आकडा?"

"तोच."

ते उठून तिच्यासाठी खुर्ची ओढायला लागले. तिने मानेनेच नको म्हटलं. निदान ही एक नळी तरी आपल्याच हातून वाचवायला हवी होती. तसं चिठ्ठीवर लिहून ठेवायला तिने खिशातलं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि नळीवरचा बर्फाचा पांढरा थर अंगठ्याने पुसला.

चिठ्ठीवर तिच्याच वळणदार अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: लावू नकोस.