जिची घडी, तिचीच उडी

मित्रांनो, आजवर तीनदा रंग चढला माझ्यावर, तरी डाव्या कोपऱ्यातला पोचा काही लपला नाही. तुमच्यासमोर बसलेली ही जुनी लोखंडी पेटी म्हणजे मीच. बाजाराच्या टोकाला एका पत्रेवाल्याने मला घडवलं. कडा वळवून, कड्या बसवून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर उभा राहिला. मी हूं की चूं केलं नाही. "टिकेल ही," तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

भूदलात नुकत्याच भरती झालेल्या एका ड्रायव्हरने मला घेतलं. त्याच्या ट्रकमधून मी घाट पाहिले, वाळवंट पाहिलं, बर्फही पाहिला. मग तो निवृत्त झाला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. त्याची बायको घरी कपडे शिवायची. उरलेल्या चिंध्यांची गाठोडी माझ्या पोटात आली, बिजागऱ्या गंजल्या, आणि माझी कोणाला आठवणही राहिली नाही.

एके दिवशी खाली वादाला तोंड फुटलं. त्यांची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, सैन्याच्या परीक्षेत पास झाली होती. कोणत्या दलात जायचं, ते आठवडाभरात कळवायचं होतं.

"भूदल. त्यात विचार कसला?" ड्रायव्हर म्हणाला.

"दाजी, तुम्ही जन्मभर धूळ खाल्लीत, आता पोरीलाही चारता का?" नौदलात इंजिनावर काम करणारा मामा म्हणाला. "चिमणे, जहाजावर ये. जग बघशील."

"कुठेही जा," आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "फक्त या सुईदोऱ्यातून बाहेर पड. माझी मान गेली, डोळे गेले."

"मला कोणी विचारणार आहे का?" चिमणी म्हणाली.

"बरं, विचारलं. काय हवंय तुला?" मामा म्हणाला.

"तेच तर कळत नाहीये."

त्या रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर तिन्ही दलांचं प्रदर्शन होतं. माजी सैनिकांच्या मंडपात मांडायला ड्रायव्हरने आपल्या जुन्या वस्तू माझ्यात भरल्या, आणि मी पुन्हा उजेडात आले. काय ती धमाल! डोक्यावरून विमानं गेली की माझा पत्रा थरथरायचा. चिमणी रणगाड्यात शिरली, पाणबुड्याचा मुखवटा लावून पाहिला, इकडून तिकडे नुसती भिरभिरत होती. मग आमच्या शेजारच्या मंडपापाशी तिचे पाय थबकले.

तिथे एका लांबलचक टेबलावर हवाई दलातली एक पोक्त बाई पॅराशूटची घडी घालत होती. कापड सळसळत होतं, दोऱ्यांचा गुंता सुटत होता.

"हात लावू?" चिमणीने विचारलं.

"आधी धुऊन ये."

ती हात धुऊन आली ती तिथलीच झाली. कापडाच्या पाकळीवर पाकळी बसवायची, आतली हवा दाबून काढायची, चुकलं की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. जेवायची वेळ टळली तरी तिला पत्ता नव्हता. शेवटी तिघं तिला शोधत आले.

"सैन्यात जायचं ते घड्या घालायला?" ड्रायव्हर म्हणाला.

ती बाई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे नियम आहे, साहेब. घडी घालणाऱ्याला कधीही सांगतात, तू बांधलेलं हे पॅराशूट उचल आणि मार उडी. कोणतं उचलायचं, ते आम्ही सांगतो."

आई पुढे झाली. तिने कापडाची कड दोन बोटांत धरून ओढून पाहिली.

"टीप पक्की आहे," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "यातून बाहेर पड म्हणाले होते ना मी?"

"बाहेरच पडणार आहे, आई. विमानातून."

सगळ्यात आधी मामा हसला. आईला मात्र हसू यायला वेळ लागला.

मला नवा रंग मिळाला आणि मी चिमणीबरोबर हवाई दलात निघाले. माझ्या पोटात आता तिचे दोऱ्या ओढायचे आकडे, घडीवर ठेवायची वजनं आणि दोऱ्या राहू लागल्या. काही महिन्यांनी, तिने स्वतः घडी घातलेल्या पॅराशूटने पहिली उडी मारायचा दिवस आला. अवजारांसाठी मला मैदानाच्या कडेला ठेवलं होतं. घरची मंडळी आली आणि आई माझ्यावरच बसली. विमान घरघरत वर गेलं. त्यातून ठिपके सुटले.

"ती बघ, आपली," ड्रायव्हर म्हणाला.

"कशावरून?" आईने विचारलं.

"कळतं मला." त्याला काही कळत नव्हतं.

ठिपका खाली येत होता. आईची टाच माझ्या पत्र्यावर टकटक वाजत होती. आणि एकदम आकाशात पांढरं कापड फुललं. टाच थांबली.

आई वर पाहत राहिली. मग म्हणाली, "घेर अगदी सारखा पडलाय."

मित्रांनो, आता चिमणी रोज दुसऱ्यांसाठी पॅराशूट बांधते. काम सोडून ती तुम्हाला भेटायला येणार नाही, म्हणून तिच्या वतीने मी सांगते. कोणत्या दलात जाऊ, कोणतं काम घेऊ, हे ठरत नसेल तर आधी त्या कामाला हात लावून पाहा. आणि एकदा हात लावलात, की ते मन लावून करा. काल एक तरुण तिने बांधलेलं पॅराशूट घेऊन गेला. त्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. त्याने ते पाठीला बांधलं आणि तो शीळ घालत विमानाकडे गेला.